पडद्यावर राहिलेलं नाव

“…पण बुवा, यात माझं काय चुकलं?”

प्राध्यापक यशोधन टिळेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. गंगाधरबुवा सुपारी कातरत होते. नदीकाठच्या त्या लहानशा मठात भर दुपारी चिटपाखरूही नव्हतं.

टिळेकर म्हणजे साधं प्रकरण नव्हे. कॉलेजचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी एकहाती उभा केला होता. व्याख्यानं अशी घोटीव की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मुलं एकशेचाळीस, आणि एकाचाही चेहरा त्यांनी पाहिलेला नव्हता. त्याचीही त्यांना ऐटच होती म्हणा.

आज मात्र ती ऐट कुठल्या कुठे गेली होती.

“कावेरी म्हणून एक मुलगी आहे. तास संपला की सगळे जातात, तिचं नाव तेवढं पडद्यावर राहतं. हाक मारली तर ओ नाही. आज नऊ दिवस झाले, बुवा.”

“त्याआधी कधी बोलली होती?”

“एकदाच. ‘सर, दोन मिनिटं बोलू का,’ असं लिहिलं होतं तिनं.”

“मग?”

“आमच्याकडे शंकांसाठी फॉर्म असतो. म्हटलं, त्यात भर…”

बुवांचा अडकित्ता थांबला.

“घरी फोन केलास?”

“नंबर आहे. पण लावला, आणि कुणी भलतंच काही सांगितलं तर?” टिळेकरांनी मान झटकली. “शिकवण्यात तर मी कसूर केली नाही ना!”

“बरं, मग मलाही शिकव,” म्हणत बुवा उठले. “मी आत बसतो. कान इकडेच आहेत.”

दार लागलं.

टिळेकरांनी घसा खाकरून कालचंच व्याख्यान सुरू केलं. बुवा ऐकणारे मोठे रसिक. कुणी काहीही सांगो, वाक्यागणिक त्यांचा ‘हूं’ यायचाच.

आज आला नाही.

“कळतंय ना, बुवा?”

…

आणखी दोन वाक्यं झाली. आत खोकला नाही, की कूस बदलल्याची सळसळ नाही. म्हातारा ऐंशीच्या पुढचा. गेल्याच महिन्यात छातीत दुखलं होतं…

शंभरदा म्हटलेलं पुढचं वाक्य टिळेकरांना आठवेना.

“बुवा? अहो बुवा!”

ते धावले. दार ढकललं.

बुवा समोरच भिंतीला टेकून बसले होते. हात मांडीवर, डोळे टक्क उघडे.

टिळेकर चौकटीतच ओरडले. “हूं तरी म्हणायचं होतंत! भीतीनं जीव गेला ना माझा!”

बुवांनी टिळेकरांच्या खिशातला फोन काढून त्यांच्या हातात ठेवला.

“…तुझा?”