मिठाची जागा

गुरुवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी गोदाक्कांनी मला मठाच्या दारातच विचारलं,

“एवढा उशीर? मग भात कोण वाढणार?”

“कसला भात? मी डॉक्टरांकडे आलेय. रेवूचा कान दुखतोय.”

रेवू माझी आठ महिन्यांची. रात्रभर कान ओढत होती. माझ्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. हिला ऐकूच येईनासं झालं तर?

मुलांचे डॉक्टर मठात दर गुरुवारी येतात आणि बारा वाजले की निघतात. मग पुढच्या गुरुवारपर्यंत कुणी नाही. त्यांचा नंबर मोबाइलवरून लावायचा, मठाच्या ॲपमधून. मी उजाडायच्या आतच लावला होता.

मी गोदाक्कांना मोबाइल दाखवला. त्यावर लिहिलं होतं, ‘आपली सेवा स्वीकारली आहे.’

“बरोबर आहे की,” त्या म्हणाल्या. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे असतं. “सेवा म्हणजे वाढपाची. आज तू भाताला.”

आणि त्यांनी माझ्या हातात डाव दिला.

आत बघते तर सगळ्या माझ्यासारख्याच. एकीच्या कडेवर खोकणारं, एकीच्या कडेवर शेंबडं. रुक्सानाभाभीच्या एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातावर तिचा तापलेला अयान.

“मला पण डॉक्टरच पाहिजे होते गं,” ती म्हणाली. “पण अक्कांनी बादली दिल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती आहे?”

पलीकडच्या खोलीत डॉक्टर एकटेच बसले होते. समोर एक पण मूल नाही. पेपर वाचून झालेला, आणि ते बॅगेची चेन ओढत होते.

 मी डाव घेऊनच पळाले.

दारात सौमित्र उभा होता. सौमित्र म्हणजे मठ चालवणाऱ्या बुवांचा शिष्य. शहरातली मोठी नोकरी सोडून मठात आलेला, आणि हे ॲप त्यानंच बनवलेलं.

“ताई, नंबर?”

“लावलाय की!”

त्यानं माझा मोबाइल बघितला. “हे सेवेचं बटण दाबलंत तुम्ही.”

“मी नेहमीचंच दाबलं. खालच्या पट्टीतलं उजवीकडचं शेवटचं. अंगठा जातो ते.”

“ते परवा बदललं. आता तिथं सेवा आहे. डॉक्टर वरच्या कोपऱ्यात गेले, तीन रेघा आहेत ना, त्यांच्या आत. बटणावरचं चित्र नाही का बघितलंत?”

“चित्र बघायला ही पोरगी मोबाइल हातात ठेवते का?”

“पण ताई, शिस्त म्हणजे शिस्त. सेवा लागली की त्या दिवशी नंबर लागत नाही…”

“का बदललं?”

हे मी नाही विचारलं. पायरीवर बुवा बसले होते. ओल्या फडक्यानं पत्रावळी पुसत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं.

सौमित्रचा चेहरा खुलला. परवापासून तो या प्रश्नाचीच वाट बघत असणार.

“बुवा, सवय म्हणजे बंधन. तुम्हीच शिकवलंत. म्हणून परवाच्या एकादशीला मी खालची पट्टी बदलली, आता दर एकादशीला बदलणार. लोकांनी जागं राहावं. बटणांखालची नावं पण काढून टाकली. शब्द कमी, शांती जास्त.”

“वा.”

“लोकांची सवय मोडणं, हीच माझी साधना.”

“वा, वा. आणि तुझी?”

“माझी काय?”

बुवांनी आणखी एक पत्रावळ पुसली…

“हे ॲप सगळ्या मठांना पाठवायचं म्हणत होतास ना?”

“तुमचा आशीर्वाद मिळाला की आजच पाठवतो.”

“आशीर्वाद उपाशीपोटी देऊ नये. चल, पान मांडलंय. डॉक्टर, तुम्ही पण चला.”

डॉक्टर बॅग उचलून म्हणाले, “नको बुवा, मी निघतोच. आज पेशंटच नाहीत.”

“शिरा केलाय.”

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली.

मला जरा धीर आला. पानावर बसलेला माणूस अर्ध्यातून उठत नाही.

पंगत बसली. मी भाताला उभी राहिले. एका हातानं रेवू, एका हातानं डाव. बुवा माझ्यापाशी आले, रेवूला अलगद उचललं आणि नेऊन सौमित्रच्या डाव्या हातावर ठेवलं.

“हिला धर. नजर हलवू नकोस, आमटीत हात घालते.”

“मग मी जेवू कसा?”

“हिची आई जेवते तसा.”

रेवूनं त्याची दाढी धरली.

त्याचं पान बुवांनी स्वतः वाढलं. मी समोरच होते, मला सगळं दिसत होतं. आपल्याकडे पानात पहिलं मीठ वाढतात, वरती, मधोमध. बुवांनी तिथं पिठीसाखर वाढली. डावीकडे चटणीच्या जागी कोशिंबीर, कोशिंबिरीच्या जागी शिरा. आणि खाली उजवीकडे, जिथं गोड असतं, तिथं लाल मिरचीचा ठेचा. चांगला लिंबाएवढा.

मी तोंड उघडलं. बुवांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

श्लोक झाला. सौमित्रनं रेवूवरची नजर न काढता भात कालवला. वरण अळणी लागलं असेल, हात वरती गेला, चिमूट घेतली, भातावर टाकली. घास खाल्ला. थांबला. पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा थांबला.

“आज वरण जरा… गोड आहे का?”

“असेल,” बुवा म्हणाले. “शिरा खा.”

हात खाली उजवीकडे गेला. भला मोठा घास घेतला त्यानं.

पंगतीतल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या…

“बुवा! पाणी!”

रुक्सानाभाभी बादली ठेवून पाणी आणायला पळाली, पण हसू आवरेना म्हणून अर्ध्या वाटेत भिंतीला टेकली. सगळी पंगत हसायला लागली. सौमित्रचा लालभडक चेहरा बघून रेवू पण हसली, खळखळून. रात्रीपासून पहिल्यांदा.

“काय झालं रे?” बुवांनी विचारलं.

“इथं ठेचा आहे!”

“मग?”

“इथं शिरा असतो!”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? बघावं पण लागत नाही, हात आपोआप जातो तिथ…”

त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं.

“सवय,” बुवा म्हणाले. “बंधन. मी मोडून दिली. जागा राहा आता.”

डॉक्टरांना ठसका लागला.

सौमित्रनं मान वर केली. त्यानं आम्हा सगळ्यांकडे बघितलं. एकेका हातात वाढायचं भांडं, एकेका हातावर मूल. 

मग मला म्हणाला, “ताई, तुम्ही मोबाइल कुठल्या हातात धरता?”

“ज्या हातावर रेवू नसेल त्या.”

“आणि दोन्ही हात मोकळे असले की?”

“ते कधी असतात?”

“रेवूचं लग्न झाल्यावर,” रुक्सानाभाभी म्हणाली.

सौमित्रला हसू आलं. पण लगेच त्यानं बुवांकडे मान वळवली. इतक्या सहज हरणारा नव्हता तो.

“पण बुवा, मग बदलायचंच नाही का काही? जन्मभर तेच ते?”

“मागच्या गुरुवारी गोड काय होतं?”

“खीर.”

“त्याच्या मागं?”

“बासुंदी.”

“हात कुठं घातलास?”

सौमित्रनं पानाकडे बघितलं…

“तिथंच.”

बुवा पुढच्या पानावर आमटी वाढायला गेले.

सौमित्रनं रेवूला माझ्याकडे दिलं. त्याआधी तिची मूठ दाढीतून सोडवावी लागली. हात धुतले, आणि दोन पायऱ्या एकदम उतरत आपल्या खोलीत गेला. त्याचा कॉम्प्युटर तिथं असतो.

मी मोबाइल हातात धरून बसले. घड्याळ बघवत नव्हतं. डॉक्टरांनी शिरा दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा देवाला मनातल्या मनात नमस्कार केला.

मोबाइलवरची खालची पट्टी एकदम गेली. मग परत आली, माझी आजची सेवा पुसून. चार बटणं. प्रत्येकाखाली नाव, चांगलं ठळक. घर. आरती. सेवा. डॉक्टर. डॉक्टर शेवटी, उजवीकडे, जिथं होते तिथं.

मी बघितलंच नाही खरं तर. अंगठा गेला.

नंबर लागला.

डॉक्टरांनी हात धुऊन रेवूचा कान तपासला. मी विचारलं, “ऐकू येईल ना हिला?”

त्यांनी तिच्या मागं जाऊन चुटकी वाजवली. रेवूनं गर्रकन मान वळवली आणि त्यांच्या चष्म्याला हात घातला.

“तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतंय,” डॉक्टर म्हणाले. “थोडी सूज आहे. औषध लिहून देतो, वेळेवर द्या. पाच दिवसांत खेळेल. आणि तुम्ही जरा झोपा.”

मला रडूच आलं. पण मागं रुक्सानाभाभी होती, ती म्हणाली, “बाहेर जाऊन रड गं, माझा नंबर आहे.”

बारा केव्हाच वाजून गेले होते. सगळ्या मुलांचे नंबर आता ओळीनं लागले होते, आणि डॉक्टर काही उठले नाहीत. स्वयंपाकघरात आमटीची बादली सौमित्रनं उचलली. दुसऱ्या पंगतीला भात पण त्यानंच वाढला. गोदाक्का त्याच्या मागं मागं, “अरे सांडू नकोस, अरे कडेनं वाढ.”

सगळं आवरल्यावर बुवा त्याला म्हणाले, “तू जेवला नाहीस. बस.”

तो बसला. बुवांनी नवं पान मांडलं. सौमित्रनं डोळे मिटले आणि हात जोडले.

“बुवा, आता पाठवू का सगळ्या मठांना?”

 बुवांनी मिठाच्या वाटीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि पानात वरती, मधोमध वाढलं.

सौमित्रनं डोळे मिटलेलेच ठेवून हात पुढं केला. बोट बरोबर मिठावर पडलं…

मी रेवूला घेऊन निघाले होते. बुवांनी मला हाक मारली.

“पोरी, वाटेत ज्या ज्या लेकुरवाळ्या भेटतील त्यांना सांग. आणि त्यांना म्हणावं, तुम्ही पुढं सांगा… मीठ जागेवर आलंय.”