करडी आणि आटलेलं तळं

फार जुन्या काळी करकोच्यांच्या एका थव्याची म्होरकी होती करडी. दर हिवाळ्यात ती थव्याला डोंगरापलीकडच्या तळ्यावर नेत असे. पण त्या वर्षी पाऊस कुठे पडला आणि कुठे नाही, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

तिचा धाकटा भाऊ लांब्या म्हणाला, "ताई, वाटेत नदीवर उतरू. दोघं-तिघं पुढे जाऊन तळं बघून येतील, मग ठरवू."

"असं चाचपडत गेलो तर माझं कोण ऐकेल?" करडी म्हणाली आणि नदी मागे टाकून तिने थवा सरळ डोंगरापार नेला.

तळ्याच्या जागी भेगाळलेली जमीन होती. आणखी पुढे पाणी लागेलही, असं ती स्वतःला समजावू लागली, कारण मागे वळायचं म्हणजे सगळ्यांदेखत चूक कबूल करायची. पण पिलांचे पंख लुळे पडलेले तिला दिसले.

"चुकले मी," ती म्हणाली. "थोडं विसावा, मग मागे फिरू."

थवा नदीवर पोचला, पण एक पिल्लू वाटेतच गेलं. त्याची आई करडीपासून लांब जाऊन उभी राहिली.

सकाळी करडीने लांब्याला दुसरं तळं शोधायला उत्तरेकडे धाडलं आणि दुसऱ्या एकाला पूर्वेकडे.

"आता कुठे जायचं?" सगळ्यांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही," करडी म्हणाली. "ते आले की मिळून ठरवू. तोवर पोटभर खाऊन घ्या."

मग त्या पिल्लाची आई सगळ्यांत आधी पाण्यात उतरली.