तीन नंबरनं जपलेला सूर

एका चर्चमध्ये पहिल्यांदा डिजिटल ऑर्गन आला, त्या काळची गोष्ट. ऑर्गनच्या तीन नंबरच्या बटणात तो वाजवणाऱ्या जसिंतानं आपला बासरीसारखा सूर साठवून ठेवला होता. जसिंता वारली. नवे मास्तर आले आणि तिथंच आपला सूर भरायला लागले. त्यासाठी आधी ‘सेट’ बटण दाबायचं, मग तीन; नुसतं तीन दाबलं, तर साठवलेला सूर वाजायचा.

“सेटदादा, तिचा सूर पुसू नकोस ना!” तीन म्हणालं.

“मला दाबलं की मी पेटतो. पुढचं तुझं तू बघ.”

तीननं अंग असं ताठ केलं, की ते आत जाईना. “बिघडलं वाटतं,” म्हणत मास्तरांनी चार नंबर वापरला.

रविवारी जसिंताची आई आली. “मास्तर, माझ्या पोरीचा सूर एकदा ऐकवा.”

मास्तरांनी तीन दाबलं. पुन्हा दाबलं.

“अरे, आता मी पेटलेलो नाही,” सेट हळूच म्हणाला.

तीननं अंग सैल सोडायचा फार प्रयत्न केला, पण ते काही आत जाईना. सूर आत होता, अगदी जसाच्या तसा.