खेकड्याचं निसरडं अंगण

खाडीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या चिखलात एका खेकड्यानं बीळ केलं होतं. आत त्याची खेकडीण पोटाशी अंडी धरून बसली होती.

बिळाच्या दारात शेवाळ राहायचं. एकेका पेशीचं ते शेवाळ सुटं दिसायचंही नाही, पण मिळून त्याची अंगणभर तपकिरी साय धरायची. ते उन्हात साखर करायचं आणि साखरेला साखर जोडून तिचे बुळबुळीत धागे ओढायचं. खेकडा रोज त्यावर घसरायचा.

"सगळी खाडी हसते मला," तो शेवाळाला म्हणाला. "आठ पाय असून दारातच आपटतो म्हणे! बंद करा हे धागे."

"त्या धाग्यांनीच चिखल धरून ठेवलाय," शेवाळ म्हणालं.

"चिखलाला कशाला धरायचं? तो काय पळून जातोय?"

"अहो, राहू द्या ना," खेकडीण आतून म्हणाली. "जरा हळू चाला."

पण खेकड्यानं नांग्यांनी अंगण खरवडून लख्ख केलं. मग तो त्यावरून ऐटीत फिरला. एकदाही घसरला नाही.

भरती आली, नेहमीचीच. आधी अंगण वाहून गेलं, मग बिळाचं तोंड, मग छप्पर. खेकडीण अंडी सांभाळत कशीबशी बाहेर पडली. ओहोटी लागेपर्यंत दोघं एका खडकाला धरून राहिली.

"चिखल कुठे गेला हो?" तिनं विचारलं.

खेकडा नवी जागा शोधायला निघाला. थोड्या अंतरावर त्याचे पाय सटकले आणि तो उताणा पडला. शेजारचे खेकडे खो खो हसले.

"अगं, ये लवकर," तो उताणाच ओरडला. "घर सापडलं!"