शब्दन् शब्द वाचणारे साहेब

बोरखेडी गावाच्या पाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंपचालक भिवा रोज विहिरीचं पाणी तपासून फोटो टाकायचा. पाणी बिघडलंय, असं तो तीन महिने सांगत होता.

एक दिवस तालुक्याचे बडे साहेब चावडीत येऊन कडाडले, "ग्रुपवरचा शब्दन् शब्द आम्ही पहिल्यापासून वाचतोय! सातवी नापास पंपवाला शास्त्रज्ञ लागून गेला काय? अफवा पसरवतो म्हणून आत टाकतो!"

भिवा खांबाआड सरकला. ग्रुप सांभाळणाऱ्या अनसूयाकाकू शांतपणे म्हणाल्या, "पहिल्यापासून वाचताय, साहेब? मग खोटं वाटलं तर विहीर तपासली का नाही? खरं वाटलं तर गप्प का बसलात? तेवढं कागदावर लिहून द्या, मग खुशाल न्या त्याला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या सकाळी तपासणीची गाडी विहिरीवर हजर!

भिवा काकूंकडे बघतच राहिला. शब्दन् शब्द वाचणाऱ्या ज्या नजरेला तो भ्यायला होता, तिलाच काकूंनी साक्षीला उभं केलं होतं.