तक्रारपेटीतलं भिंग

"म्हणजे तुम्ही ओळखलंत ना, गुरुजी? कुणाचं अक्षर आहे हे?"

तांबोळी गुरुजींनी चिठ्ठीवरचं भिंग बाजूला केलं. अर्धवट तासलेला बोरू त्यांनी पुन्हा हातात घेतला.

"ओळखलं."

"कुणाचं?"

शशिकांत ढमाले वाट बघत राहिले. गुरुजी चाकूने बोरूचं टोक तासत होते, आणि घाई त्यांच्या स्वभावात कधीच नव्हती.

ढमाले गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. याच शाळेत, याच गुरुजींच्या हाताखाली ते शिकले होते. गुरुजी निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी दर रविवारी त्यांच्या ओट्यावर गावातली पोरं अक्षर गिरवायला यायची. बोरू गुरुजी स्वतः करून द्यायचे. त्यामुळे निम्म्या शाळेचं अक्षर एकाच वळणाचं झालं होतं, आणि ढमाल्यांची पंचाईत तिथेच होती. तपासायच्या नावाखाली त्यांनी सातवीच्या सगळ्या वह्या घरी नेल्या होत्या. दोन दिवस एकेक अक्षर जुळवून पाहिलं, डोळे दुखायला लागले, पण हाती काही लागलं नाही. जिथे तिथे तोच 'ळ' आणि तीच वेलांटी.

प्रकरण तसं भिंगाचं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी विज्ञानाच्या कपाटातलं भिंग नाहीसं झालं. पुढच्या आठवड्यात आदर्श शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते. आपल्या शाळेत चोर आहे, या कल्पनेने ढमाल्यांचं अन्न गोड लागेना. मग एका सकाळी, मुलं मैदानात परिपाठाला उभी असताना, ते सातवीच्या वर्गात गेले आणि सगळी दप्तरं त्यांनी उघडून पाहिली. भिंग मिळालं नाही. चिंचा मिळाल्या, आरशाचा एक तुकडा मिळाला, आणि एका दप्तरात एक पत्र मिळालं.

पत्र कावेरी मदनेचं होतं. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, ती काकांकडे राहायची. आईला लिहिलेलं ते पत्र ढमाल्यांनी वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भिंगाचा त्यात उल्लेख असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

परिपाठ संपल्यावर कावेरीने हात वर केला. माझं पत्र कुणी उघडलं, एवढंच तिने विचारलं. ढमाल्यांनी तिला खाली बसायला सांगितलं, पण त्या दिवसापासून ती त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. संशय एकदा मनात शिरला की त्याला काय, सगळीकडेच खुराक मिळतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशी कुजबुजतात असं त्यांना वाटू लागलं. सातवीच्या वर्गशिक्षिका शेलार मॅडम मुलांना फूस लावतात, याची तर त्यांना जवळजवळ खात्रीच होती.

आणि शनिवारी तक्रारपेटीत भिंग सापडलं.

तक्रारपेटी समितीसमोर उघडायची असते. ढमाल्यांनी ती शाळा सुटल्यावर एकट्याने उघडली. आत ही चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीत गुंडाळलेलं भिंग.

आता तीच चिठ्ठी गुरुजींच्या गुडघ्यावर होती, आणि तेच भिंग हाताशी. त्यांनी ती पुन्हा उचलली आणि सावकाश मोठ्याने वाचली.

"'भिंग आमच्यातल्याच एकाने घेतलं होतं. चूक आमची आहे. शिक्षा सगळ्या वर्गाला द्या. पण सर, आम्ही नसताना आमची दप्तरं उघडू नका. विचारलं असतं तर आम्हीच उघडून दाखवली असती. सातवीचा वर्ग.'"

"पाहिलंत?" ढमाले म्हणाले. "चोरी कबूल करतात आणि वर मलाच शिकवतात."

"शाई चांगली वापरलीय."

ढमाल्यांना राग आला. त्यांनी गुरुजींना समजावून सांगितलं, की आपल्याला कुणावर अन्याय करायचा नाही. शाळेच्या भिंतीवर विद्यार्थ्यांच्या जबाबदाऱ्या त्यांनी स्वतः रंगवून घेतल्या होत्या, चांगल्या अकरा ओळी. त्याखाली हक्कही होते, तीन. जागा तेवढीच उरली होती, आणि त्यांपुढे हल्ली कपाट आलं होतं, पण होते. संशय कावेरीवर आहे. तरी निव्वळ संशयावरून मुलीचं नाव घ्यायला आपण काही अडाणी नाही. म्हणून तर खात्री करून घ्यायला इथवर आलो.

"आणि खात्री झाल्यावर?" गुरुजींनी विचारलं.

"तिच्या काकांना बोलावीन. समजावीन, की मुलीला दुसरीकडे घाला."

"दुसरी शाळा कुठं आहे?"

"चौदा किलोमीटरवर."

"एसटी?"

एसटी दुपारची होती, एकच. काका काय करणार हे दोघांनाही ठाऊक होतं. पोरगी आईबापाकडे उसाच्या फडात जाणार, आणि तिच्या हातात बोरूऐवजी कोयता येणार.

"नियमाने तिला काढता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"काढत कुठे आहे? ते स्वतःहून नेतील."

तेवढ्यात ढमाल्यांची नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे कागदांचा गठ्ठा होता, रेघांचा, पिवळसर. चिठ्ठीचा कागदही पिवळसर होता. म्हातारा पोरांना अक्षरच शिकवतो की मजकूरही सांगतो? ज्यांच्या पाया पडून आपण नोकरीवर रुजू झालो, तेच आपल्याविरुद्ध पोरांना उभं करतात की काय? त्यांना विचारायचं होतं, पण जीभ रेटेना.

"शशी," गुरुजी म्हणाले, "घसा सुकलाय. हापशावरून कळशीभर पाणी आण."

ढमाले उठले. मुख्याध्यापक झाले म्हणून काय झालं, गुरुजींनी पाणी सांगितलं की आणायचं. हापसा लांब होता आणि जड चालत होता. कळशी भरेपर्यंत त्यांनी गुरुजींना मनातल्या मनात पाच-सहा प्रश्न विचारून घेतले, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर त्यांना आवडलं नाही.

परत आले, तर ओट्याच्या पायरीवरच त्यांचे पाय थबकले.

त्यांची बॅग उघडी होती. आतल्या सगळ्या वस्तू चटईवर नीट मांडून ठेवलेल्या होत्या. जेवणाचा डबा. चष्म्याचं घर. मुलाच्या शाळेची गुणपत्रिका, तीन विषयांखाली लाल रेघा असलेली. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट, जे त्यांनी बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं. आणि एक घडी घातलेला कागद.

कळशी त्यांनी आपटूनच ठेवली. पाणी चटईपर्यंत आलं.

"गुरुजी, माझी बॅग?"

"हो."

"मी नसताना?"

"हो."

ढमाल्यांनी आधी गोळ्यांचं पाकीट उचललं आणि खिशात कोंबलं. मग गुणपत्रिका. लहानपणी छडी खाल्ली तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती. कुणाच्या चीजवस्तूला असा हात लावायचा म्हणजे काय? आपण काय चोर आहोत?

"काय शोधत होतात तुम्ही?"

"कागदाच्या गठ्ठ्याकडं बघत होतास. मला वाटलं, माझाच एखादा कागद घेतला असशील."

"मी? तुमचा कागद?" ढमाल्यांनी चटईवरच्या वस्तूंकडे हात केला. "अहो, विचारायचं होतं. विचारलं असतं तर मीच उघडून..."

वाक्य तिथेच राहिलं.

चिठ्ठीला पाणी लागू नये म्हणून गुरुजींनी ती उचलून उन्हात ठेवली, आणि वर भिंग ठेवलं.

ढमाले पायरीवर बसले. वस्तू गोळा करायचंही त्यांना सुचेना. आपण ते पत्र वाचत असताना मैदानातून मुलांच्या प्रार्थनेचा आवाज येत होता, हे त्यांना आता आठवलं. पत्रात कावेरीने आईला लिहिलं होतं, की काकू वाईट नाही, पण तुझ्यासारखी वेणी तिला घालता येत नाही. ते कुणी वाचायचं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला.

"पण ते अक्षर..." शेवटी ते पुटपुटले. सवय जात नाही. "ते कुणाचं, एवढं सांगा. मी काही करणार नाही."

"काही करणार नाहीस?"

"नाही."

गुरुजींनी चटईवरचा घडी घातलेला कागद उचलला आणि उलगडला. ढमाल्यांनी हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

तो शाळा सोडल्याचा दाखला होता. शाळेचा शिक्का मारलेला, मुख्याध्यापकांची सही झालेली. गुरुजींनी चिठ्ठीवरचं भिंग घेतलं आणि एकेक रकाना वाचायला सुरुवात केली.

"शाळा सोडण्याचं कारण, पालकांच्या विनंतीवरून."

"पुढचा रकाना. वर्तणूक, असमाधानकारक."

"गुरुजी, ते नुसतं तयार ठेवलं होतं."

"विद्यार्थ्याचं नाव..."

नावाची ओळ कोरी होती.

गुरुजींनी दौतीचं झाकण काढलं. नवा तासलेला बोरू शाईत बुडवला, दौतीच्या काठाला निथळवला, आणि त्या कोऱ्या ओळीवर आणून धरला. त्यांचा हात जराही हलत नव्हता. मग त्यांनी वर पाहिलं.

"हे अक्षरही मी ओळखलं, शशी. माझ्याच विद्यार्थ्याचं आहे. नाव घालू?"