मागच्या वेशीवरचा नगारा

फार फार जुनी गोष्ट. मार्गशीर्ष वद्य अष्टमी होती. सकाळपासून दाट धुकं, वारा अजिबात नव्हता.

त्या धुक्यात बुडालेल्या पठारावर एक राज्य होतं. तिथले दिवे निळे जळत. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, रांजणात आंबवायची आणि भट्टीवर चढवून तिचा अर्क काढायचा. तो दिव्यात घातला की धूर नाही, काजळी नाही. धुक्यात ते दिवे पाण्याखाली उमललेल्या फुलांसारखे दिसत.

अर्क काढी एक म्हातारी. सगळं राज्य तिला आत्या म्हणे. अर्काची घागर पुढच्या वेशीतून गावोगाव निघाली की नगाऱ्यावर एक टोला पडे. टोला ऐकून राजा खूश होई. भट्टीसाठी लाकडाच्या गाड्या मागच्या वेशीतून येत. तिथे नगारा नव्हता.

"घरोघरी निळा दिवा हवा," असं एकदा राजा म्हणाला, आणि टोले वाढतच गेले.

त्या अष्टमीला आत्या रांजणाला कान लावून बसली होती. झोपेत कुणी बोलावं तशी आत ज्वारी बुडबुडत होती. इतक्यात भट्टीच्या आढ्यावर एक होला येऊन बसला. चोचीत काडी होती.

"अरे, इथे कुठलं घरटं? भाजून निघशील की!"

"मग कुठे बांधू, आत्या? रानात एक तरी बाभूळ ठेवलीस का?"

आत्याने रांजणावरचा कान काढला. इतकी वर्षं तिने पुढे गेलेल्या घागरीच मोजल्या होत्या.

तेवढ्यात प्रधान आला. "आत्या, कोठारातली ज्वारी सरली. उद्यापासून गावोगावच्या कणग्यांतलं बियाणं आंबवायचं. राजाची आज्ञा आहे."

"आणि पेरायचं काय, प्रधानजी? तुमच्या मिशा?"

"जिभेला हाड नाही तुझ्या! हे महाराजांना सांग."

"सांगते की. त्यांनाच बोलवा इकडे."

राजा आला, धुकं अंगावर घेऊनच आला. आत्या म्हणाली, "महाराज, आज लाकूड नको. अर्क एवढा गुणाचा आहे, तर भट्टीखाली अर्कच जाळू. जेवढा जाळला त्याहून जास्त निघाला, तर बियाणं खुशाल न्या. कमी निघाला, तर कणगीला हात लावायचा नाही."

राजा हसला. "कबूल!"

एक घागर अर्क भट्टीखाली ओतला. निळी ज्योत उठली. वर आंबलेली ज्वारी उकळू लागली, नळीतून थेंब पडू लागले. टप्... टप्... सगळे त्या आवाजात गुंगून गेले. मग ज्योत विझली. नळीखालची घागर अजून पुरती भरली नव्हती.

"आणखी आणा," राजा म्हणाला.

दुसरी घागर निम्मी जळाली, तेव्हा कुठे नळीखालची घागर काठोकाठ भरली. दीड घागर जाळून एक घागर हाती आली होती.

राजाने वाकून घागरीत पाहिलं, मग भट्टीखाली पाहिलं. "अर्धी घागर गेली कुठे?"

"रोजच जात होती, महाराज. लाकडाच्या रूपाने मागच्या वेशीतून येऊन जळत होती. तिच्यावर टोला पडत नव्हता, म्हणून कळलं नाही. मलाही नाही."

प्रधान मिशीवरून हात फिरवत राहिला. आढ्यावर होल्याने काडी नीट बसवली.

"नगारा उचला," राजा म्हणाला, "आणि मागच्या वेशीवर ठेवा." मग जरा हळू आवाजात त्याने विचारलं, "आत्या, निळा दिवा आता दिसायचाच नाही का?"

"एक दिसेल. उसाचं वाळलेलं चिपाड जाळीन, मोहाची गळून पडलेली फुलं आंबवीन. निघेल तेवढा अर्क घाटावरच्या दिव्याला पुरेल. वाटसरूंची सोय होईल."

पेरणीला गावोगावच्या कणग्या उघडल्या आणि बियाणं पुरलं. घरोघरी करडईच्या तेलाच्या पणत्या लागल्या. निळा दिवा घाटाच्या तोंडाशी एकच राहिला. त्या वर्षी मागच्या वेशीतून चिपाडाच्या नऊच गाड्या आल्या, नगाऱ्यावर नऊच टोले पडले.

हाती आलेलं मोजण्याआधी त्यापायी जळालेलं मोजावं.